तीन दिवसांत स्वीकृत, पाचव्या दिवशी क्यूआर कोड

पत्र, थोडं कापून:

‘मॅडम, मी ऐरोलीला राहते. ठाण्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर (तासांच्या हिशेबाने) केमिस्ट्री शिकवते आणि पीएचडी करते. नोंदणी २०२३ ची. तांबं घातलेल्या झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांनी सांडपाण्यातला रंग उन्हात घालवायचा, हा माझा विषय. पहिला पेपर एका चांगल्या जर्नलने सहा दिवसांत परत पाठवला. मग गाइड सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक लिंक दिली. केमिस्ट्री, फिजिक्स आणि मटेरियल सायन्स, तिन्हींचं “इंटरनॅशनल” जर्नल आहे. पाठवला, तर तिसऱ्या दिवशी स्वीकारलासुद्धा. आता क्यूआर कोड आलाय, १२,५०० रुपये भरायचे आहेत. पाच लेखकांपर्यंत फी तेवढीच, म्हणून डिपार्टमेंटमधले दोघं म्हणतात, आमची नावं घाल, तीन-तीन हजार देतो. सर म्हणतात, सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) तोंडावर आलाय, आता शंका काढत बसू नकोस. बाबा रबाळ्याला डाइजच्या, म्हणजे रंगांच्या कंपनीत होते. ते म्हणतात, मी भरतो, तुझं नाव छापून आलेलं बघू दे. माझं मानधन दिवाळीपासून आलेलं नाही. भरू का?’
– एक वाचक, ऐरोली

भरू नकोस.

तुलाही ते ठाऊक असावं, नाहीतर क्यूआर कोड समोर असताना तू मला चार पानी पत्र लिहीत बसली नसतीस. पण नुसतं ‘नको’ म्हणून तुझं भागणार नाही. गाइड आहेत, सिनॉप्सिस आहे, डिपार्टमेंटमधले ते दोन दानशूर आहेत आणि बाबा आहेत. शिवाय खुद्द तो पेपर आहे, आणि त्याबद्दलच तू सगळ्यात कमी लिहिलं आहेस. सोबत जोडलास ते बरं केलंस. परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये जाता-येता दोन्ही वेळा वाचला. (तुला ‘तू’च म्हणते. माझी धाकटी तुझ्याहून मोठी आहे.)

आधी त्या स्वीकृतीपत्राकडे बघू. अकरा पानांचा पेपर, त्यात कणांच्या एक्सआरडी, यूव्ही-व्हिजिबल, एसईएम अशा तपासण्या, तीन तक्ते. त्यावर परीक्षकाचा शेरा काय, तर ‘लेख छान आहे. स्पेलिंग तपासावे. स्वीकारण्यास हरकत नाही.’ एफवायबीएस्सीच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही ठोकताना मी याहून मोठा शेरा देत असे. गंमत म्हणजे आपल्याकडे ‘जर्नल’ हा शब्द पोरांना आधी त्या वहीसाठीच माहीत होतो. सीनियरकडून घ्यायची, रात्रभर बसून उतरवायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी सर्टिफाय करून आणायची. आत प्रयोग झालाय की नाही हे कुणी विचारत नाही, शिक्का मात्र असतो. तुला आलेलं पत्र त्याच जातीचं आहे. फरक इतकाच की आम्ही शिक्क्याचे १२,५०० घेत नव्हतो.

खरं परीक्षण कसं असतं ते माझ्याच फजितीवरून सांगते. १९८८ साल. नारळाच्या करवंटीचा कोळसा फिनॉल किती शोषतो, यावर माझा पहिला पेपर. आम्ही तेव्हा चरईत राहत होतो. एअरमेलचं पाकीट यायला अडीच महिने लागले. आत अडीच पानं टाइप केलेली, सगळे प्रश्न. तिसरा प्रश्न एका ओळीचा होता: ‘फिनॉल न घातलेल्या पाण्यात नुसता कोळसा घालून वाचन घेतलं का, आणि ते वजा केलं का?’ नव्हतं घेतलं. ब्लँकच नव्हता! कोळशातून काहीबाही पाण्यात उतरत होतं आणि ते यंत्राला दिसत होतं. तीन आठवडे सगळं परत केलं, तक्ता बदलला, माझा मिरवायचा आकडा पाचव्या हिश्शाने वेगळा आला. त्या परीक्षकाचं नाव मला आजतागायत माहीत नाही. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात साष्टांग घातला.

तुला तीन दिवसांत एकही प्रश्न आला नाही. माझ्या लेखी सगळ्यात वाईट गोष्ट ही आहे. पैशांचं त्यानंतर.

आता एक गैरसमज काढून टाकते. एकाच जर्नलमध्ये केमिस्ट्री, फिजिक्स आणि मटेरियल्स असणं यात संशय घेण्यासारखं काही नाही. मटेरियल सायन्स राहतंच त्या दोघींच्या सामाईक भिंतीत. तुझे कण रसायनशास्त्राच्या भांड्यात तयार होतात, त्यांचा बँड गॅप (कुठला प्रकाश शोषतील हे ठरवणारं ऊर्जेचं अंतर) फिजिक्सवाला मोजतो आणि उपयोग कुठे करायचा हे तिसराच सांगतो. ‘मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स’ या सरळ नावाचं नावाजलेलं जर्नल आहे. आपल्याकडे बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ १९७९ पासून निघतं. तेव्हा नाव सोड, अंक उघड. तू दिलेल्या लिंकवर मी मागचा अंक उघडला. झिंक ऑक्साइडच्या शेजारी महिला बचत गटांची आर्थिक स्थिती, त्यानंतर शेळीपालन, त्यानंतर एका कवीच्या निसर्गजाणिवा. शेळीपालनावर माझा राग नाही. पण त्या तिन्ही लेखांचा संपादक एकच असेल, तर त्याने तुझा एक्सआरडीचा आलेख उलटा की सुलटा हे तरी पाहिलं असेल का?

मुखपृष्ठावरच्या बिल्ल्यांचं बघू. आयएसएसएन आहे म्हणून तुझे सर निर्धास्त आहेत. तो आठ आकड्यांचा ओळखक्रमांक आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. नंबरप्लेट आहे म्हणजे ड्रायव्हरला गाडी चालवता येते असं नाही. इम्पॅक्ट फॅक्टर ७.२ छापलाय. हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जूनच्या सुमारास जाहीर करते, आणि त्याचा हिशेब साधा असतो: मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा त्यापुढच्या वर्षी किती वेळा संदर्भ दिला गेला, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. तुझ्या जर्नलवर ‘खंड १, अंक ४’ लिहिलंय. ज्याला अजून वर्ष पुरं झालेलं नाही, त्याची मागची दोन वर्षं आणायची कुठून? असले आकडे विकणारी दुकानं निराळी असतात. त्यांच्याकडून प्रमाणपत्रसुद्धा मिळतं, रिबीन काढलेलं.

‘यूजीसी केअर अ‍ॅप्रूव्ह्ड’ हा बिल्ला तर शिळाच आहे. त्याचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण सरांशी बोलताना उपयोगी पडेल. यूजीसीने आधी मान्य जर्नलांची एक यादी केली, त्यात विद्यापीठांनी आपापल्या शिफारशी ओतल्या. २०१८ मध्ये पुण्याच्या विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या शिफारशींतून आलेल्या जर्नलांचा नमुना तपासून ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की त्यातली ८८ टक्के निकृष्ट म्हणावीत अशी आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नावं काढून टाकली. मग केअर यादी आली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही यूजीसीने बंद केली आणि सांगितलं, निकष देतो, जर्नल तुम्ही पारखा. म्हणजे आज जो कुणी ‘केअर मान्यताप्राप्त’ म्हणून जाहिरात करतो, तो बंद पडलेल्या हॉटेलचं मेनूकार्ड दाखवतोय.

राहिला ‘इंटरनॅशनल’ हा शब्द. आपल्याला त्याची फार भुरळ. सी. व्ही. रामन यांनी १९२८ च्या फेब्रुवारीत तो परिणाम शोधला, ‘नेचर’ला छोटी टिपणं धाडली. पण सविस्तर लेख छापला तो कोलकात्याच्या ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये, मार्च संपायच्या आत. १९३० चं नोबेल त्यामुळे अडलं नाही.

पारखायचं कसं? बिल्ल्यांवर बोट ठेवून त्यांच्या मूळ घरी जायचं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या संशोधन-लेखांच्या दोन मोठ्या नोंदवह्या. स्कोपसची जर्नलांची सूची आणि वेब ऑफ सायन्सची मास्टर लिस्ट दोन्ही फुकट बघता येतात. नावाने शोधू नकोस, आयएसएसएन टाकून शोध, कारण सारखी नावं ठेवण्यात ही मंडळी वस्ताद आहेत. सापडलं तरी तिथला वेबसाइटचा पत्ता आणि तुझ्याकडचा पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघ. चांगल्या जर्नलची हुबेहूब नकली साइट काढून पैसे गोळा करण्याचा धंदा आहे, आणि त्यात भलेभले प्राध्यापक फसलेत. मग संपादक मंडळातली दोन नावं उचल आणि त्या प्राध्यापकांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन बघ, ते या जर्नलचा उल्लेख करतात का. शेवटी, दोन जुने लेख घेऊन त्यांचे डीओआय क्रमांक (लेखाचा कायमचा ऑनलाइन पत्ता) उघडतात का ते पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी केलं. तुझ्या जर्नलच्या दोन लेखांपैकी एकाचा डीओआय भलत्याच लेखावर गेला आणि दुसऱ्याचा कुठेच गेला नाही.

फी घेणारं प्रत्येक जर्नल लबाड असतं असं मात्र नाही. लेख जगाला फुकट वाचायला ठेवायचा, तर खर्च लेखकाकडून घेण्याची रीत आहे आणि चांगली जर्नलंही ती पाळतात. पण ती फी आधीपासून साइटवर लिहिलेली असते, पावती संस्थेच्या नावाची असते, कुणाच्या बचत खात्याचा क्यूआर कोड येत नाही. आणि तुमच्या सरांनी बहुतेक तुला हे सांगितलेलं नाही: बरीच मोठी जर्नलं दोन वाटा देतात. ‘ओपन’ घेतलंस तर पैसे, नेहमीची वर्गणीची वाट घेतलीस तर शून्य. बंगळूरच्या अकॅडमीच्या जर्नलांत छापायला फी भरावी लागत नाही. वर्गणीच्या वाटेने छापला तर वाचणार कोण, ही काळजीही आता कमी झाली. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं, आणि देशभरातल्या सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ती उघडी. तुझं कॉलेज त्यात नसलं, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळेल. तिथल्या ग्रंथपालांना एकदा भेटच. आपल्याकडे ग्रंथपालांना पुस्तकं मोजणारा माणूस समजतात, पण या बाबतीत ते तुझ्या सरांपेक्षा जास्त सांगतील.

आता ते दोघं. खरं सांगू? १२,५०० रुपयांचा मला इतका राग आला नाही, जितका या तीन-तीन हजारांचा आला. ज्याने एक चंचुपात्र विसळलं नाही, त्याचं नाव लेखक म्हणून? वर्गणी काढायला हा काय नाक्यावरचा गणपती आहे? उद्या कुणी त्या पेपरातल्या आकड्यावर बोट ठेवलं, तर उत्तर तू देणार आणि हे दोघं मुलाखतीत फाइल पुढे करणार. प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखेत एका लेखाला ८ गुण आहेत. तेवढ्यासाठी ही सगळी उठाठेव, हे मलाही कळतं. तुझ्याशी त्यांचं रोजचं बसणं-उठणं आहे, तू सीएचबीवर आहेस, ते कायम आहेत, हेही कळतं. म्हणून भांडू नकोस. ‘पेपर मागे घेतलाय, परत प्रयोग करतेय, मदत करायला या, नमुने दर दहा मिनिटांनी काढायचे आहेत’ एवढं म्हण. येणार नाहीत, आणि प्रश्न मिटेल.

मागे घेण्याचं काम आजच कर. तुझ्या आणि सरांच्या अशा दोन्ही ईमेलवरून एकच मजकूर जाऊ दे: आम्ही हा लेख मागे घेत आहोत, कोणतीही फी भरलेली नाही, तो छापण्यास आमची परवानगी नाही, पोच द्यावी. कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करून दिलीस का ते तू लिहिलं नाहीस. दिली असशील, तर तीही रद्द समजावी असं त्यातच लिही. ‘विथड्रॉवल फी’ मागतील. द्यायची नाही. धमकीचा मेल येईल, एखादा फोनही येईल. उत्तर देऊ नकोस, फक्त सगळं जपून ठेव. महत्त्वाचं हे की त्यांनी तरीही छापून टाकला, तर तो लपवू नकोस. पुढच्या जर्नलला पाठवताना संपादकाला पत्रात दोन ओळी लिही, काय झालं आणि केव्हा मागे घेतला ते, सोबत मेलची प्रत. संपादकांना असली प्रकरणं नवीन नाहीत. लपवलं आणि नंतर त्यांच्या संगणकाने जुळणी दाखवली, तर मात्र दोष तुझ्यावर येईल.

सरांपाशी बोलायचं कसं? ‘हे जर्नल बोगस आहे’ असं म्हणू नकोस. लिंक त्यांनी दिली होती, ते दुखावतील. त्यांच्याच हिताचं बोल: ‘सर, करस्पाँडिंग लेखक (पत्रव्यवहाराला जबाबदार) म्हणून तुमचं नाव आहे. या डीओआयवर दुसऱ्याचाच पेपर उघडतोय.’ आणि फोन पुढे कर. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला शब्दापेक्षा पडदा पटकन पटतो, मी स्वतःवरून सांगते.

सिनॉप्सिसची घाई तर मला समजलीच नाही. पीएचडीच्या प्रबंधाआधी पेपर छापलेला असलाच पाहिजे, ही अट यूजीसीच्या २०१६ च्या नियमात होती. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांतून ती गेली, आणि तुझी नोंदणी २०२३ ची आहे. विद्यापीठाने आपली वेगळी अट ठेवली असू शकते, म्हणून पीएचडी विभागातून नियम लेखी घे, कॅन्टीनमध्ये ऐकलेला नको. मुदतही सहा वर्षांची आहे, वर दोन वर्षं वाढवून मिळतात आणि बायकांना त्यावर आणखी दोन. म्हणजे गाडी सुटलेली नाही, तू उगाच पुलावरून पळत होतीस.

आता मला ज्यात रस आहे ते. तुझा पेपर.

काम चांगलं आहे. वाईट असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. पण १२० मिनिटांत ९४ टक्के रंग गेला, हा जो तुझा मुख्य आकडा, तो अजून उभा राहत नाही. कण घातल्याबरोबर थोडा रंग त्यांच्या पृष्ठभागावर चिकटतो. उन्हाचा त्यात काही संबंध नसतो. म्हणून आधी अर्धा तास, भांड्याला फॉइल गुंडाळून, अंधारात ढवळायचं, चिकटणं थांबलं की तिथून शून्य धरायचं. तुझ्या आलेखात पहिल्याच दहा मिनिटांत ३० टक्क्यांची घसरण आहे. मला दाट संशय आहे की ती बहुतेक अंधारातलीच आहे. बघ, माझा करवंटीचा कोळसा तुझ्या गच्चीवर आला.

मग गच्ची. तू लिहिलंस, ‘दुपारच्या उन्हात’. कुठल्या महिन्यातल्या? ऐरोलीतलं मार्चमधलं ऊन आणि ऑक्टोबरमधलं ऊन एक नाही, आणि खाडीवरून एक ढग आला की तुझा तक्ता फसला. उन्हाची तीव्रता मोजायचं उपकरण कुणाकडून तरी माग. ते मिळालं नाही तरी चार भांडी शेजारी शेजारी ठेव: नुसतं रंगाचं पाणी, साधं झिंक ऑक्साइड, तुझं तांबंवालं, आणि तुलनेसाठी बाजारात मिळणारी पी-२५ टायटॅनिया (टायटॅनियम ऑक्साइडची पूड). ढग आला तर चौघांवर सारखाच येईल.

तुझा दावा असा की तांब्यामुळे दृश्य प्रकाशही कामी येतो. साध्या झिंक ऑक्साइडचा बँड गॅप ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, म्हणजे त्याला ३७५ नॅनोमीटरच्या अलीकडचाच प्रकाश लागतो, आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात अतिनील भाग जेमतेम पाच टक्के. तेव्हा दावा खरा असेल तर मोलाचा आहे. पण तू तो मेथिलीन ब्लू या निळ्या रंगावर सिद्ध करायला गेलीस, आणि मेथिलीन ब्लू स्वतःच ६६४ नॅनोमीटरला दणकून प्रकाश शोषतं. रंगच प्रकाश पितो, इलेक्ट्रॉन ऑक्साइडला देतो आणि आपण होऊन मोडतो. तांब्याला फुकटचं श्रेय. कुठलाही जागरूक परीक्षक इथेच धरेल. म्हणून एक प्रयोग बिनरंगी पदार्थावर कर, फिनॉल चालेल, २७० नॅनोमीटरला मोजता येतं. आणि ४०० च्या खालचा प्रकाश अडवणारी काच वापरून एकदा बघ. उरलेल्या पाण्यात झिंक आणि तांबं किती उतरलं तेही तपास. रंग काढून तांबं सोडलं, तर सांडपाणी साफ केलं असं कसं म्हणायचं?

नवीन काय, हा प्रश्न त्या पहिल्या जर्नलने सहा दिवसांत विचारला होता, तू त्याला नकार समजलीस. डिस्टिल्ड वॉटरमधला मेथिलीन ब्लू झिंक ऑक्साइडने घालवणारे पेपर ढिगाने आहेत. तुझ्याकडे त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट आहे, आणि ती रोज संध्याकाळी तुझ्यासोबत चहा पिते. बाबांना विचार, कंपनीत टाकीतून रंग खाली बसवायला काय ओतायचे. मीठ! गोणीच्या गोणी साधं मीठ. रंग मिठाने बसतो, गाळून निघतो, आणि मीठ सांडपाण्यात जातं. ते क्लोराइड तुझ्या उत्प्रेरकावर तयार होणारे, रंग तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल वाटेतच खातं. म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमधले ९४ टक्के रबाळ्याच्या खऱ्या पाण्यात कदाचित ४० सुद्धा राहणार नाहीत. कदाचित राहतील, मला काय माहीत! पण मिठाचं प्रमाण पायरीपायरीने वाढवत नेऊन तो आलेख काढलास, तर तो टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या सामायिक सांडपाणी केंद्रात काम करणाऱ्या माणसालाही वाचावासा वाटेल. बाबांना गोण्यांचा आणि पाण्याचा अंदाज विचार, त्यावरून तुझी पहिली पायरी ठरेल. खरा नमुना हवा असेल तर रीतसर अर्ज करून घे, कुणाच्या ओळखीने बाटली भरून आणू नकोस.

हे करायला दोन-तीन महिने जातील. मग ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ला किंवा त्याच अकॅडमीच्या ‘जर्नल ऑफ केमिकल सायन्सेस’ला पाठव. आधी त्यांचे अलीकडचे चार अंक चाळ, तुझ्यासारखं काही छापतात का ते बघ. उत्तराला महिने लागतील, आणि प्रश्न येतील. प्रश्न आले की मला पेढे पाठव. दरम्यान तारखेची नोंद हवी असेल, तर सरांच्या संमतीने केमआर्काइव्ह या रसायनशास्त्रातल्या मसुद्यांच्या साइटवर मसुदा ठेवता येतो. तिथे पैसे लागत नाहीत, परीक्षणही नसतं, फक्त निवडलेल्या जर्नलला ते चालतं ना हे आधी बघ.

बाबांना पैसे खिशातच ठेवायला सांग. त्यांना नाव छापून आलेलं बघायचंय ना? पेपराच्या शेवटी आभाराची जागा असते. रंगनिर्मितीतल्या मिठाच्या वापराची माहिती दिल्याबद्दल त्यांचे आभार मानता येतात, आणि ते खोटं नसेल. त्यांचं नाव तुझ्या नावासोबत एकाच पेपरात येईल, हे त्यांना आत्ता सांगू नकोस, छापून आल्यावर दाखव.

आणि पान ४ वर कणांचा आकार १८.७३ नॅनोमीटर दिलायस. शेररच्या सूत्रातून, एक्सआरडीच्या आलेखातल्या एका शिखराच्या रुंदीवरून, यंत्राची स्वतःची रुंदी वजा न करता, दोन दशांशांपर्यंत? ती वजाबाकी कर, पवईला आयआयटीत एकदा टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र) काढून घे, आणि तोवर तिथे ‘सुमारे १९’ लिही.